येळवसच्या आधीचा कार्बोरेटर

बाजारात भज्जीच्या शेंगांचे ढीग लागले की कळंबातल्या निम्म्या बायांच्या तोंडाला पाणी सुटतं. माझ्या तोंडचं पाणी पळतं. तुरीच्या हिरव्या शेंगा, पावटा, वाटाणा, हरभऱ्याचे डहाळे, चिंचा, बोरं, गाजरं. परवा पिशवी भरून घेताना भाजीवाली म्हणाली, "काय ताई, औंदा शेतात न्हाय का जायचं? तोंड का पाडलंय?" मी हसले. आता तिला काय सांगू, की मला सणाची नाही, अंगणात उभ्या असलेल्या एका मोटारसायकलीची काळजी लागलीय!

कॅलेंडरात या सणाचं नाव वेळा अमावस्या. आमच्याकडं येळवस. त्या दिवशी गावंच्या गावं घरांना कुलपं घालून रानात जातात. कडब्याची कोप करायची, आत चुन्यानं रंगवलेले पाच दगड पांडव म्हणून मांडायचे, या सगळ्या शेंगा-पाल्याची भज्जी, बाजरीचे उंडे, खीर, ताकातली आंबील यांचा निवद दाखवायचा, आणि 'ओलगे, ओलगे' म्हणत पिकावर आंबील शिंपडत रानाला फेरी घालायची. ज्याला शेत नाही त्याला शेजारी ओढून नेतो. त्या दिवशी गल्लीत कुणी दिसलाच, तर तो आजारी तरी असतो नाहीतर कुणाशी भांडलेला.

मी मुळातच जिवाला घोर लावून घेणारी. शिलाईचं काम करते. गिऱ्हाइकाचं ब्लाउज नेऊन दिलं तरी रात्री अंथरुणात वाटतं, डावी बाही उलटी तर नाही ना बसली! आई म्हणायची, "निर्मे, तुला घोर नसला की करमत न्हाय." असेल तसं. पण यंदाचा घोर मी उगाच ओढवून घेतलेला नाही. तो माझ्या ओसरीवर स्वच्छ धोतर नेसून बसलाय आणि दिवाळीपासून एकच सांगतोय, "येळवसच्या आधी गाडी चालू करून दे."

अण्णा, माझे वडील. जनावरांच्या दवाखान्यात ड्रेसर होते. जन्मभर आसपासच्या खेड्यांतून याच गाडीवर फिरले. कुठं गाय अडलीय, कुठं बैलाच्या खांद्याला सूज आलीय, की निघाले. आई गेल्यापासून माझ्याकडं असतात. हल्ली विसरतात. सकाळी चहा झाला हे त्यांना आठवत नाही, पण कुणाच्या म्हशीच्या पोटात रेडकू आडवं होतं आणि ते कसं फिरवलं, हे हातवारे करून सांगतात. उन्हाळ्यात एकदा पान खायला म्हणून गेले ते एसटी स्टँडवर सापडले, बाकड्यावर हात जोडून बसलेले. "कुणाची वाट बघताय अण्णा?" म्हणाले, "कुणाची न्हाय. बसलोय आपला." त्यांच्या डोळ्यांत मात्र लई भीती होती. ती बघितल्यापासून माझी झोप पातळ झालीय.

आणि या माणसाला गाडी चालू करून द्यायची!

पुण्याहून भावाचा फोन आला तेव्हा मी त्याला सांगितलं. तो उखडलाच. "खुळी झालीस का तू? भंगारात घाल ती. चालू झाली आणि अण्णा निघाले म्हणजे?"

"मग तू येऊन सांग त्यांना."

"तू जवळ आहेस ना. तुझं ऐकतात ते."

माझं ऐकतात म्हणे! लांबच्या माणसाला सगळं सोपं असतं. आमचे हे एसटीत ड्रायव्हर, त्यांना विचारलं तर म्हणाले, "मला डिझेलचं कळतं. कार्बोरेटर हे तुमचं माहेरचं खातं." आणि डबा घेऊन ड्यूटीला गेले.

ते खोटं मात्र नव्हतं. ते माहेरचंच खातं होतं.

माझ्या लहानपणी डांबरी रस्ता सोडला की सगळी काळी माती. पावसाळ्यात चाक आणि मडगार्डच्या मधे ती अशी ठासून बसायची, की गाडी ढकलायची सोय नाही, उचलूनच न्यावी लागायची. म्हणून पाऊस बसला की अण्णा गाडी पडवीत लावून टाकायचे आणि एसटीनं, बैलगाडीनं, उरलेलं पायी ड्यूटी करायचे. लावायची म्हणजे नुसती उभी करायची नाही. इंजिन चालू ठेवायचं, टाकीखालचा पेट्रोलचा कॉक बंद करायचा आणि बघत बसायचं. कार्बोरेटरच्या वाटीत जेवढं पेट्रोल राहिलंय तेवढं इंजिन पिऊन टाकतं. मरायच्या आधी गाडी एकदम जोरात पळते, कुणी मूठ पिळल्यासारखी, आणि मग गप होते. मी दर वर्षी दचकायची. अण्णा हसायचे. "तिच्या पोटात काई ठिवायचं न्हाय बग. राहिलं की त्याचा डिंक व्हतो."

रोजचाही त्यांचा नेम ठरलेला. आधी कॉक बंद, मग स्टँड, मग चपला काढायच्या. घरात कुणी मेलं तरी हा क्रम चुकायचा नाही, असं आई चिडून म्हणायची.

दिवाळी झाली, वाटा वाळल्या, तुरीला शेंगा लागल्या, की येळवसच्या आधीच्या रविवारी कार्बोरेटर खोलायचा. भाऊ अभ्यासाचं निमित्त करून पळायचा. मी परात धरून बसायची. अण्णा एकेक नग खोलून परातीत ठेवायचे. फ्लोट, सुई, स्प्रिंग, ज्यांच्या भोकातून इंजिनाला पेट्रोल जातं ते पितळेचे एवढेएवढेसे जेट. पेट्रोलनं बोटं गार पडायची, थंडीत झोंबायची, आणि तो वास मला, कुणाला सांगू नका, आंबिलीच्या वासाइतकाच आवडायचा. आतून आई ओरडायची, "त्याच परातीत मला उंड्यांचं पीठ मळायचंय! पांडवांना काय पेट्रोलचा निवद दावू?" मग ती परात राखेनं, चिंचेनं घासून घासून लालेलाल व्हायची. तरी एका साली उंड्यांना जरासा वास आलाच. अण्णांनी मान खाली घालून सगळ्यांपेक्षा दोन उंडे जास्त खाल्ले.

जेट धुऊन झाला की तो माझ्या हातात द्यायचे. "आभाळाकडं धर. दिसलं का?" एका डोळ्यानं बघायचं. केसाएवढ्या भोकातून उजेडाचा एक टिपका दिसला की म्हणायचं, "दिसलं." "मग झालं," म्हणायचे अण्णा. माझ्या एका शब्दावर एवढी मोठी गाडी चालू होणार, याचा मला केवढा ताठा असायचा!

आणि मग अमावस्येची सकाळ. आई आणि बाकी सगळे बैलगाडीतून पुढं जायचे, आंबिलीचं बिंदगं, म्हणजे छोटी घागर, मात्र गाडीवर. ते घरच्या कर्त्या पुरुषानं न्यायचं, आणि आमचा कर्ता पुरुष गाडी सोडून चालणारा नव्हता. मी मागं बसायची, बिंदगं मांडीत, दोन्ही हातांनी कवटाळून. तोंडाला फडकं बांधलेलं असलं तरी ताक आणि लसणाचा वास नाकात. सांडलं तर? हा घोर मला तेव्हापासूनचा आहे. ती सगळी वाट मी डोळ्यांनी नाही, मांडीतल्या आंबिलीनं पाठ केली. कॅनॉलचा पूल आला की बिंदगं वर उचलायचं. म्हसोबापाशी खड्डा, तिथं पोटाशी धरायचं. पुढं लिंबाच्या झाडापाशी डावीकडं वळताना आंबील उजव्या अंगाला येते, तेव्हा गुडघा दाबायचा. मग बांध, आणि कोप. एक थेंब सांडला नाही की अण्णा आईला ओरडून सांगायचे, "पोरीनं बिंदगं कोरडं आणलं बरं का!"

एका येळवसला जेवणं झाल्यावर, सगळे बोरं खात कोपेच्या सावलीला पडले असताना, मोकळ्या रानात अण्णांनी मला गाडी शिकवली. परकर खोचून मी क्लच सोडला आणि सरळ तुरीत घुसले. आईनं कपाळावर हात मारला. "आता हिला कोण करून घेणार?" अण्णा म्हणाले, "ज्येला वाट कळत न्हाय, त्यो करून घील." शेवटी केलं ते एसटीच्या ड्रायव्हरानं. यावरून माहेरी अजून चेष्टा होते.

तर परवा दुपारी मशीनवर कापड टाकलं आणि पाना-पेचकस घेऊन अंगणात बसले. अण्णा खुर्ची ओढून शेजारी. गाडीवर आईचं जुनं लुगडं पांघरलेलं, ते काढलं. धुरळा असा उडाला की दोघंही खोकलो. टाकीचं झाकण उघडलं तर आतून पेट्रोलचा नाहीच, जुन्या रंगाच्या डब्यासारखा वास आला. मनात म्हटलं, चला, निदान ही काही सुखासुखी चालू होत नाही. बरं वाटलं, आणि बरं वाटल्याचं वाईटही वाटलं.

नळी काढायच्या आधी कॉक बंद करावा म्हणून टाकीखाली हात घातला. कॉक उघडाच होता.

मी हात तसाच ठेवून बसले. चुकून माझाच धक्का लागला असेल म्हणून वाकून पुन्हा बघितलं. उघडाच. म्हणजे गाडी शेवटची लावली तेव्हापासून, आई गेल्यानंतरच्या पहिल्या येळवसपासून, तो तसाच होता. आणि गाडी लावली होती अण्णांनी. त्यानंतर तिला कुणी शिवलेलंच नाही.

त्या सालचं मग एकेक आठवायला लागलं. आम्ही सगळे टमटममधून शेतात पोचलो होतो, अण्णा बिंदगं कॅरिअरला बांधून मागून येणार होते. आलेच नाहीत. पूजा खोळंबली, भाऊ चिडला. उन्हं चढल्यावर आले, घामानं निथळत. "गाडी गरम झाली व्हती," म्हणाले. बिंदग्यातली निम्मी आंबील सांडलेली. आई नाही, म्हणून जीव थाऱ्यावर नसेल, असं मी धरून चालले. परत येताना ते सबंध वाटभर आमच्या टमटमच्या मागंमाग आले. ज्या माणसानं जन्मात कुणाच्या मागं गाडी चालवली नाही, तो आमची धूळ खात आला! मी मागच्या बाजूला बसून ते बघत होते आणि मला काही म्हणजे काही वाटलं नाही. त्यानंतर त्यांनी गाडी काढली नाही. डोळ्यांवर ऊन येतं म्हणाले. आम्ही मानलं.

त्यांचं विसरणं मी गेल्या वर्षापासूनचं समजत होते. डॉक्टरांनाही तसंच सांगितलं होतं. ते त्याच्या किती आधीपासून असेल, या विचारात मी पाना खाली ठेवून दिला.

"काय झालं गं?" अण्णा.

"काही नाही. गंजलाय जरा."

कार्बोरेटर खोलला. वाटीच्या तळाशी पेट्रोल नव्हतंच, पिवळा-हिरवा चिकट थर होता. डिंक. अण्णांनी सांगितलेला डिंक आयुष्यात पहिल्यांदा बघितला, कारण त्यांनी तो कधी होऊच दिला नव्हता. फ्लोट चिकटून बसलेला, सुई जागची हलेना. ताज्या पेट्रोलात सगळं भिजत घातलं, जुन्या टूथब्रशानं घासलं. टाकी खळबळून गंज काढला. जेटला मात्र वायरमधला तांब्याचा एक केस काढून वापरायचा. माझा हात सवयीनं सारखा शिलाईच्या उशीतल्या सुईकडं जायचा, आणि अण्णा दर वेळी म्हणायचे, "सुई नगं. भोक मोठं व्हतं, मग पेट्रोल लई पिती." दहादा सांगितलं. दहाही वेळा बरोबर सांगितलं.

मोठा जेट मोकळा झाला. लहान होईना. तो आभाळाकडं धरला, नुसता काळोख. पुन्हा भिजवला, पुन्हा तार, पुन्हा आभाळ. काळोखच. आणि मग खरं सांगते, माझ्या मनात आलं, हा असाच बसवून टाकावा. कुणाला कळणार आहे? गाडी फुर्रफुर्र करेल, बंद पडेल. "म्हातारी झाली ओ अण्णा ती," म्हणायचं. ते हळहळतील, पण घरात राहतील. स्टँडवर, हायवेवर, कुठल्या ट्रकाखाली सापडणार नाहीत. पितळेचा एवढासा तुकडा, त्याच्यात माझ्या बापाचा जीव वाचवायची सोय आहे, असं मला अगदी स्पष्ट दिसलं. दुसरीकडं हेही दिसत होतं, की गाडी चालू झाली नाही तर दिवाळीपासून चाललेलं त्यांचं हे एकच मागणं मोडेल. त्यानंतर ते काही मागणारच नाहीत. विसरणारा माणूस काही मागतोय तोवर तो आपल्यात आहे, असं मला वाटतं.

अण्णांनी हात पुढं केला. "बगू." जेट घेतला, आभाळाकडं धरला, एक डोळा मिटला. बघत होता तो मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेला डोळा. बराच वेळ बघितलं.

"दिसंना मला," म्हणाले. "तुला दिसतंय का?"

खोटं बोलायची हीच वेळ होती. बोलता आलं नाही. उलटी बाही माहीत असून ब्लाउज द्यायचं, ते मला जमत नाही. "नाही अण्णा," मी म्हणाले, आणि परत तार घेऊन बसले. ऊन भिंतीवर चढलं तेव्हा कुठं भोकात उजेडाचा टिपका आला. "दिसलं," मी म्हणाले. "मग झालं," अण्णा म्हणाले.

सगळं बसवलं. प्लग घासला, नवं पेट्रोल घातलं, कॉक उघडला. किल्ली मी कमरेला खोचून ठेवली होती, ती लावली. अण्णा गाडीवर बसायच्या आधी मी फाटकाला कडी घातली आणि वर कुलूपही. किक मारून मारून माझा दम गेला. मधेच एकदा फटकन् आवाज झाला, निळा धूर आला, आणि चालू झाली. तोच आवाज. शेजारची बाई गच्चीवर आली.

अण्णा उठले. गाडीपाशी आले. टांग टाकून बसले, आणि कसे बसले! ओसरीवर वाकून बसणारा माणूस तो नव्हताच. मूठ जराशी पिळली, कान देऊन ऐकलं. मी पुढचं चाक दोन्ही पायांत धरून उभी. "अण्णा, उतरा आता. उद्या बघू." त्यांचं माझ्याकडं लक्षच नव्हतं. त्यांचा डावा हात टाकीखाली गेला. मला वाटलं, आता निघतातच. मी हँडल घट्ट धरलं.

त्यांनी कॉक बंद केला.

आणि वाट बघत बसले. इंजिन नीट चाललं होतं, चालत राहिलं. मग एकदम जोरात पळालं. मी लहानपणीसारखीच दचकले. अण्णा हसले. मग गाडी गप झाली.

"त्या दिशी राहिलं व्हतं," म्हणाले.

"काय राहिलं होतं अण्णा?"

"ह्यो बंद करायचा." हात अजून कॉकवरच. "वाट चुकलो व्हतो ना म्या. लिंब दिसला, पर डावीकडं का उजवीकडं, त्येच सुधरंना. आपलं रान, आन् सुधरंना! लई घाबरलो बग. कुणाला काय सांगावं? आल्या आल्या आत शिरलो, ह्यो तसाच राहिला. मनात सारखं येतंय, डिंक झाला आसंल."

आम्ही किल्ल्या लपवत होतो, भाऊ भंगारवाला शोधत होता. या माणसानं तर त्याच दिवशी, कुणी न सांगता, स्वतःच गाडी सोडली होती. एवढी भीती पोटात घेऊन एकटा बसला होता. दिवाळीपासून मागत होता ते फक्त राहिलेलं काम पुरं करायला.

माझ्या खांद्याला धरून ते उतरले. गाडी स्टँडवर घेतली. चपला काढल्या. "आता न्हाय काई व्हत तिला. कितीबी दिवस उभी ऱ्हाऊ दे."

"येळवसला?" मी विचारलं.

"तू काढ की. म्या मागं बसतो, बिंदगं धरून." ओसरीच्या पायरीवर ते थांबले, मागं वळून माझ्याकडं बघितलं. "वाट तुला ठावं हाय न्हवं?"

"आहे अण्णा."

येळवस उद्या आहे. शेंगा निवडून झाल्यात, आंबील आंबायला ठेवलीय, परात घासलीय. मशीन चालवता चालवता मी मधेच थांबते आणि मनातल्या मनात म्हणून बघते. कॅनॉलचा पूल, तिथं उचलायचं. म्हसोबाचा खड्डा. मग लिंब. लिंबापाशी डावीकडं. डावीकडंच.